समुद्र बघायला मुंबईत आलात? दुपारचे दोन तास एका छोट्या संग्रहालयासाठी राखून ठेवा

आमच्याकडे दर सुट्टीत कोणी ना कोणी पाहुणे येतात आणि पहिल्या चहालाच विचारतात, "समुद्रावर कधी जायचं?" मुलं तर बॅग उघडायच्या आधी चप्पल पायात घालून दारात उभी असतात. त्यांना समुद्रावर मी नेतेच. पण गेली बरीच वर्षं सोबत एक छोटं कलासंग्रहालयही दाखवते, आणि आतापर्यंत कोणी कंटाळून परतलेलं नाही. ते कसं जमवायचं हे पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी इथे लिहिते आहे. कलेतलं काही कळत नाही म्हणून बिचकू नका. डोळे आणि थोडा निवांत वेळ एवढं असलं तरी पुरतं.

आधी दिवसाची आखणी

मुंबईचे किनारे पश्चिमेकडे आहेत. म्हणजे समुद्रातून उगवणारा सूर्य इथे दिसत नाही, दिसतो तो मावळणारा. सकाळी सहा ते नऊ वाळूवर छान गार असतं आणि गर्दीही कमी असते. संध्याकाळी पाचनंतर वारा सुटतो. मधल्या वेळात, विशेषतः मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये, किनाऱ्यावर उभं राहवत नाही. वाळू तापलेली, सावली नाही, अंगाला चिकचिक. बहुतेक पाहुणे हा वेळ हॉटेलच्या खोलीत पंख्याखाली किंवा मॉलमध्ये घालवतात. संग्रहालयाला जायची खरी वेळ हीच. साडेअकरा-बाराला आत शिरा, दीड-दोनला बाहेर पडा, जेवा, थोडं पडा आणि उन्हं कलली की पुन्हा पाण्यावर या. समुद्राचा एक मिनिटही वाया जात नाही.

पावसाळ्यात आला असाल तर हे उलट्या कारणाने उपयोगी पडतं. साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. त्या दिवशी भरतीच्या वेळी किनाऱ्यावर जाऊच नका, मुलांना घेऊन तर मुळीच नाही. तो वेळ संग्रहालयाला द्या आणि ओहोटी लागली की लांबून समुद्र बघा.

छोटंच का?

मुंबईत कला बघायची म्हटलं की पहिलं नाव येतं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडातलं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. ते अप्रतिम आहे, पण त्याला अख्खा दिवस लागतो. समुद्राच्या सहलीत ते कोंबलं की माणसं तासाभरात दमतात, शेवटची दालनं पळत पळत बघतात आणि घरी गेल्यावर काहीच आठवत नाही. त्याच्यासाठी वेगळी फेरी ठेवा. दोन तासांत बघून होईल आणि मनात राहील, असंच ठिकाण या सहलीत घ्या.

माझी पहिली पसंती भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाला, त्यामुळे पुढचा बराचसा मजकूर त्याच्याबद्दल आहे. पण तुम्ही कुठे उतरला आहात त्यावरही निवड अवलंबून असते, म्हणून आधी बाकीच्या जागा थोडक्यात.

चर्चगेट, कुलाबा किंवा मरीन ड्राइव्हच्या बाजूला उतरला असाल तर काळा घोडा परिसर पायी अंतरावर आहे. तिथली जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ सालची. प्रवेश मोफत आणि साधारण अकरा ते सात उघडी असते. रूढ अर्थाने हे संग्रहालय नाही, कारण इथे चित्रकार आठवडाभरासाठी दालन घेऊन आपली चित्रं मांडतात. म्हणूनच नवख्यांनी इथे जावं असं मला वाटतं. चित्र काढणारा माणूस बरेचदा तिथेच खुर्चीवर बसलेला असतो. कोल्हापूर, सांगली, नाशिककडून आलेले चित्रकारही भेटतात. मराठीत सरळ विचारा, "हे कसं केलंत? हा रंग कुठला?" आजवर मला कोणीही तोडून बोललेलं नाही. उलट एका चित्रकाराने माझ्या भाचीला हातात रंग लावायची सुरी धरून रंगाचा थर कसा ओढतात ते हवेत करून दाखवलं होतं. बाहेर फुटपाथवरही चित्रकार बसतात, तेही बघा.

तिथून समोरच्या बाजूला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या १९११ च्या वास्तूत. मुंबईची ही शाखा १९९६ मध्ये सुरू झाली. आतला अर्धगोल जिना चढत चढत तुम्ही घुमटाखालच्या दालनापर्यंत पोहोचता. ती चढण मला फार आवडते, पण गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्यांचा विचार करूनच ठरवावं. सोमवारी बंद. प्रदर्शनं बदलत असतात आणि दोन प्रदर्शनांच्या मधल्या दिवसांत फारसं काही मांडलेलं नसतं, म्हणून निघण्याआधी एक फोन करा. हुसेन, रझा, सूझा या चित्रकारांची नावं आपण ऐकलेली असतात. १९४७ मध्ये मुंबईत त्यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढणाऱ्यांत कृष्णाजी आरा होते, ह. अ. गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरेही होते, हे मात्र आपल्याच लोकांना सांगावं लागतं. त्यांची कामं समोर आली तर थांबा.

गिरगाव चौपाटीजवळ असाल आणि एकच तास हाताशी असेल तर गावदेवीतल्या लॅबर्नम रोडवर मणिभवन आहे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे राहत. गांधीजींच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून मांडलेलं एक दालन तिथे आहे. शाळकरी मुलं त्याच्यापुढून हलत नाहीत.

आता भायखळा

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय राणीच्या बागेच्या, म्हणजे भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयाच्या, आवारातच आहे. बुधवारी ते बंद असतं आणि त्या दिवशी बागही बंद असते, त्यामुळे बुधवार सोडून कुठलाही वार धरा. तिकीट अगदी थोडं आहे.

जायचं कसं? जुहूकडून येत असाल तर विलेपार्ले किंवा सांताक्रूझहून लोकलने दादर, तिथे पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या फलाटावर या आणि सीएसएमटीकडे जाणारी धीमी गाडी पकडा. भायखळ्याला पूर्वेला उतरा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने उत्तरेकडे दहा-पंधरा मिनिटं चाललात की राणीच्या बागेचं फाटक येतं. ऊन फार असेल तर टॅक्सी करा, "राणीची बाग" एवढं सांगितलं की पुरे. गिरगाव चौपाटीवरून मात्र लोकलच्या फंदात पडू नका. चर्नी रोड पश्चिम रेल्वेवर, भायखळा मध्य रेल्वेवर, उगाच दादरपर्यंत जाऊन मागे यावं लागतं. सरळ काळी-पिवळी टॅक्सी करा.

लोकलची वेळ फार महत्त्वाची. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी साडेपाचनंतर तीच गर्दी उलट्या दिशेने. अकरानंतर निघून साडेचारच्या आत परत फिरलात तर मुलांसकट बसायला जागा मिळू शकते. ज्यांना सवय नाही त्यांना गर्दीत चढवण्याचं धाडस कोणीही करू नये.

निघण्याआधी: वाळू, ओले कपडे, सामान

समुद्रावरून तडक संग्रहालयात जाऊ नका. खोलीवर जा, आंघोळ करा, चपला झटका, मुलांच्या खिशातले शिंपले काढून ठेवा. हे टापटिपीसाठी सांगत नाही. वाळूचे कण म्हणजे बारीक काचकागदच. भायखळ्याच्या संग्रहालयात खाली दीडशे वर्षांपूर्वीच्या, मिंटन या इंग्रजी कंपनीच्या फरशा आहेत आणि चपलेच्या तळातली वाळू त्यांच्यावर ओरखडे काढते. घामाचा आणि समुद्राचा खारटपणा हाताला असतो. तो धातूला, दगडाला, लाकडाच्या पॉलिशला लागला की डाग आत उतरत जातो. दिवसाला शेकडो माणसांनी एकेकदा हात लावला तर काय होईल, याचा विचार मुलांना करायला सांगितला की त्यांना पटतं. नुसतं "हात लावू नको" म्हटलं तर हात आणखी शिवशिवतात.

अंगात सुती कपडे, पायात आवाज न करणाऱ्या चपला. पाठीवरच्या मोठ्या पिशव्या दाराशी ठेवून घेतात, म्हणून पैसे आणि मोबाइल राहील अशी छोटी पिशवी वेगळी ठेवा. पाण्याची बाटली दालनात उघडायची नाही, तेव्हा आत शिरण्याआधी सगळ्यांना पाणी प्यायला लावा. हॉटेल सोडून निघाला असाल तर सीएसएमटी किंवा मुंबई सेंट्रलच्या सामानघरात बॅगा ठेवता येतात. त्यासाठी प्रवासाचं तिकीट आणि कुलूप लावलेली बॅग लागते.

फोटोचे नियम जागेप्रमाणे बदलतात, तिकीट खिडकीवर विचारून घ्या. फ्लॅश मात्र कुठेच वापरू नका. कागदावरच्या जुन्या चित्रांचे रंग उजेडाने उडतात आणि उडालेला रंग परत आणता येत नाही. म्हणूनच अशा दालनांत उजेड मुद्दाम साधारण ५० लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ठेवतात. भर उन्हातून आत आलात की सुरुवातीला सगळं अंधुक वाटतं. दोन-तीन मिनिटं दाराशी थांबा, डोळे सरावतात.

आत गेल्यावर

आधी बाहेरच्या बागेतला दगडी हत्ती बघा. पूर्वी घारापुरीच्या बेटावर उभा असलेला हा हत्ती. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. त्याचे तुकडे १८६४ मध्ये इथे आणले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडून उभे केले. उद्या गेटवेहून घारापुरीच्या बोटीत बसणार असाल तर हा हत्ती आज बघायलाच हवा. (घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, तेही लक्षात ठेवा.) काळा घोडा हे नाव ज्या पुतळ्यामुळे पडलं, तो एडवर्ड राजाचा अश्वारूढ पुतळाही १९६५ मध्ये तिथून हलवला. तोही आता राणीच्या बागेत आहे.

संग्रहालयात पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. ओतीव लोखंडाचे खांब, कठडे, सोनेरी नक्षी, हिरवट भिंती. ही मुंबईतली सगळ्यात जुनी संग्रहालय-इमारत, १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेली. पॅरिसच्या १८५५ च्या प्रदर्शनाला इथल्या कारागिरांच्या वस्तू पाठवल्या, त्यांच्याच दुसऱ्या प्रतींतून या संग्रहाची सुरुवात झाली. संग्रहालय उभं राहावं म्हणून झटणाऱ्या समितीत जगन्नाथ शंकरशेट होते आणि डॉ. भाऊ दाजी लाड होते. भाऊ दाजी पेशाने डॉक्टर, आणि जुने शिलालेख, नाणी यांचे गाढे अभ्यासक. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे पहिलं नाव जाऊन त्यांचं नाव १९७५ मध्ये दिलं गेलं. पुढे इमारतीची दुर्दशा झाली होती. २००३ पासून जवळजवळ पाच वर्षं काम चालून २००८ च्या जानेवारीत ती पुन्हा उघडली. त्या जीर्णोद्धाराला २००५ मध्येच युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता. घरात जुनं लाकडी कपाट किंवा पितळी समई असलेल्यांनी हे काम मुद्दाम बघावं. जुनं टाकून न देता कसं जपायचं, हे तिथे खांबाखांबावर दिसतं.

बघण्याची माझी एक साधी रीत आहे. पहिली दहा मिनिटं कुठेही न थांबता सगळं एकदा फिरून घ्यायचं. वरचा मजलाही. मग घरातल्या प्रत्येकाने एक वस्तू निवडायची, जिच्याकडे त्याला परत जावंसं वाटलं ती. चार जणांच्या चार वस्तू झाल्या. आता सगळ्यांनी मिळून त्या चारच वस्तूंपुढे पाच-पाच मिनिटं उभं राहायचं आणि निवडणाऱ्याने सांगायचं, हीच का. फलक आधी वाचायचा नाही. आधी बघायचं, अंदाज करायचा, मग वाचायचं. बाकीचं राहिलं तर राहू द्या.

मागे साताऱ्याकडची माझी मावशी आली होती. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणत दाराशीच बसायच्या बेतात होती. तिला मातीच्या छोट्या पुतळ्यांपुढे नेलं. मुंबईत आणि आसपास राहणाऱ्या नाना जातींची, व्यवसायांची माणसं त्यात घडवली आहेत, आणि डोक्यावरच्या पगड्या-पागोट्यांचे तर किती प्रकार. मावशी अर्धा तास तिथून हलली नाही. हे पागोटं कसं बांधतात, ही घडी आमच्याकडे अशी घालत नाहीत, हिचं लुगडं नेसलंय ते बघ, असं ती मला सांगत होती आणि आजूबाजूचे दोन कॉलेजचे मुलगे वही काढून ऐकत होते. फलकावर नसलेलं कितीतरी तिला माहीत होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना म्हणूनच मागे ठेवू नका. त्यांना बसायला बाक शोधा, घाई करू नका आणि त्यांना बोलतं करा.

त्याच पुतळ्यांपुढे मोठ्या मुलांशी एक गोष्ट जरूर बोला. इंग्रजी अमदानीत माणसांची अशी जात, धंदा, पोशाख यांनुसार वर्गवारी करून ती काचेत मांडली गेली. घडवणारे हात इथलेच, पण कोणाला दाखवण्यासाठी? माणूस एवढ्या एका पोशाखात मावतो का? माझ्या भाचीने तेव्हा विचारलं होतं, "आपला पुतळा केला तर कोणते कपडे घालतील?" त्यावर परत येताना लोकलमध्ये दादरपर्यंत चर्चा चालली.

समुद्रासाठी आलेल्यांनी आणखी दोन गोष्टी शोधाव्यात. एक, होड्या आणि गलबतांच्या छोट्या प्रतिकृती. त्यांची शिडं, नाळ (होडीचं पुढचं टोक) आणि सुकाणू नीट बघून ठेवा. दुसरी, जुन्या मुंबईचे नकाशे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही सात बेटं होती आणि मध्ये खाड्या. अठराव्या शतकात वरळीकडचं खिंडार हॉर्नबी वेलार्ड नावाच्या बांधाने बुजवलं, तोवर महालक्ष्मीपासून भायखळ्यापर्यंतचा सखल पट्टा भरतीच्या पाण्याखाली जायचा. म्हणजे सकाळी ज्या समुद्रात पाय भिजवून आलात, त्याचंच पाणी या भागात शिरत होतं. नकाशावर बोट न टेकवता, काचेपासून वीतभर लांबून, मुलांना आपलं हॉटेल कुठे येईल ते शोधायला सांगा.

लहान मुलं बरोबर असतील तर

राणीच्या बागेत पेंग्विन आहेत आणि मुलांना ते आधीच माहीत असतं. संग्रहालय आधी, पेंग्विन नंतर, हा क्रम मोडू नका. पेंग्विन बघून दमलेलं मूल काचेतल्या मातीच्या माणसाकडे बघत नाही. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना पाऊण तास पुरे. त्यांना "पगडी घातलेले किती?", "हत्ती किती सापडले?" असं मोजायला द्या. दालनात पळायला लागलं तर ओरडू नका, एकाने उचलून बाहेर बागेत न्यावं आणि दुसऱ्याने निवांत बघावं, मग अदलाबदल.

सुरक्षारक्षकांशी बोला. एका दालनात (कुठल्या ते सांगत नाही) आमच्या मुलावर रक्षक एकदा जोरात खेकसला होता आणि ते मूल पुढे तासभर माझा हात सोडेना. पण दुसरीकडे अशाच एका काकांनी स्वतःहून जवळ येऊन, कोणत्या कोनातून कोरीव काम उठून दिसतं ते दाखवलं. दिवसभर त्या वस्तूंच्या सोबतीला राहणारी माणसं आहेत ही. "काका, तुम्हाला यातलं काय आवडतं?" असं विचारून बघा.

परत समुद्राकडे

दीड-दोनला बाहेर पडून जेवून घ्या. गिरगावकडे परतत असाल तर ठाकुरद्वारच्या आसपास मिसळ, थालीपीठ, पीयूष असं आपलं खाणं मिळतं. मग थोडी विश्रांती. संध्याकाळी सूर्य थेट पाण्यात बुडताना बघायचा असेल तर जुहू बरं, गिरगावला तो बरेचदा मलबार हिलच्या आड जातो. पण गिरगाव चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १९२० मध्ये त्यांच्यावर अंत्यसंस्कार इथेच वाळूवर झाले. दुपारभर पुतळे बघून आलेल्या मुलांना हाही पुतळा जवळ जाऊन नीट बघू द्या.

भेळेचा पुडा घेऊन वाळूवर बसा आणि मुलांच्या हातात एक कोरी वही, पेन्सिल द्या. आमच्या घरातली ही पद्धत आहे. भाचीच्या त्या दिवशीच्या वहीत मासेमारीची एक होडी आहे, दुपारी बघितलेल्या गलबतासारखं शीड लावलेली, आणि सुकाणूवर पागोटं घातलेली मावशी.